तीन हिरवे दिवे

१७ जानेवारी

आज मी विमान पोटावर उतरवलं.

वाक्य लिहून परत वाचलं. तसंच आहे.

पवित्रा डाव्या सीटवर होती, मी उजवीकडे. चाकं आत घेता येणाऱ्या विमानावर ती आत्ता कुठे बसायला लागली आहे. हात चांगला आहे पोरीचा, मऊ. हवा स्वच्छ होती, वारा थोडा आडवा. टॉवरवर नवी मुलगी आली आहे, ती तोंडातल्या तोंडात बोलते. मला दोनदा विचारावं लागलं. मागे दुसरं विमान आहे, लवकर उतरा, असं म्हणत होती. म्हणून आम्ही वळण आखडतं घेतलं. मी पवित्राला आडव्या वाऱ्याचं समजावत होतो. तिने मध्येच हात पुढे केला. पंखांच्या झडपा, फ्लॅप, इतक्यात सोडायच्या नसतात, म्हणून मी तिचा हात बाजूला सारला. म्हटलं, "आत्ता नको. रनवेकडे बघ."

मग रनवे वर येत राहिला. जिथे टेकायला हवं होतं त्याच्याही खाली आम्ही गेलो, आणि पत्र्याची पेटी फरशीवरून फरफटत न्यावी तसं काहीतरी सीटखालून सुरू झालं. प्रोपेलर वाकून थांबला. थांबलो तेव्हा पवित्राचे दोन्ही हात मांडीवर होते. "उतर, आधी उतर," मी म्हणालो. आग लागली नाही. कुणाला खरचटलंही नाही.

चाकं खाली येऊन पक्की बसली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. ते मी बघितले होते. आणि चाकं वर असताना इंजिन मंद केलं तर भोंगा वाजतो, बंदच होत नाही. भोंगा वाजला नाही. हे दोन्ही मी लिहून दिलं आहे.

दोघांनाही नळीत फुंकायला लावलं. दारू प्यायला होता का, हे तपासतात. एकसष्टाव्या वर्षी माझ्या विद्यार्थिनीसमोर.

१८ जानेवारी

क्रेन लावून विमान उचललं. पोटाचा पत्रा पार घासून गेलाय. उचलल्यावर चाकं बाहेर काढली, तर ती मुकाट्याने बाहेर आली, तिन्ही. काहीच बिघडलेलं नव्हतं त्यांचं.

नरसिंहरावने मला केबिनमध्ये बोलावलं. विमान शिकवण्याची ही शाळा त्याची, आम्ही एकाच वर्षी वैमानिक झालो. त्याने पवित्राचा जबाब समोर ठेवला. ती म्हणते, भोंगा सगळा वेळ वाजत होता. ती म्हणते, ती 'सर, गिअर', म्हणजे चाकं, म्हणून ओरडत होती. तिचा हात चाकांच्या खटक्याकडे चालला होता, फ्लॅपकडे नव्हे, आणि मी तो ढकलला.

मला आधी हसूच आलं. मग राग आला, आणि जबाब तसाच त्याच्याकडे परत सरकवला.

२१ जानेवारी

दोघंही जमिनीवर. चौकशी होईपर्यंत उडायचं नाही.

घरात काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. मल्लेश्वरमच्या या घरात मी लहानाचा मोठा झालो, पण सकाळी अकरा वाजता ते कसं असतं हे कधी बघितलं नव्हतं. सुलभा देवळात गेली होती. जाताना म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. शिट्टी झाली नाही. डाळ करपली, कुकर काळा झाला. शिट्टीत काहीतरी अडकलं असणार, नवी आणतो म्हटलं. सुलभा कुकर घासत राहिली.

तिला सारखं वाटतं मी टीव्ही मोठा लावतो.

नीलिमाचा जे. पी. नगरहून फोन आला. लेक माझी, पण हल्ली तीसुद्धा पुटपुटते. 'हो हो, बरा आहे मी' म्हणून फोन सुलभाला दिला.

२४ जानेवारी

आज हँगरमध्ये विमान जॅकवर चढवून तपासलं. महांतेश आमचा मुख्य इंजिनिअर, धारवाडचा, मराठी उत्तम बोलतो. तो आत बसला. मी, नरसिंहराव आणि महांतेशच्या हाताखालची दोन मुलं पंखाखाली उभे. हँगरची दारं बंद होती, पंखेही बंद केले होते.

चाकं वर घेतली. महांतेशने इंजिन मंद करायचा दांडा, थ्रॉटल, मागे ओढला.

आम्ही वाट बघत राहिलो. बराच वेळ.

"बघितलंत?" मी म्हणालो. "वाजत नाही."

पोरांनी माना खाली घातल्या. नरसिंहराव माझ्याकडे बघत राहिला. महांतेश आतून वाकून माझ्याकडे बघत होता, मग हळूच कानडीत 'बरं' म्हणाला, "सरी, सर." त्याच्या डोळ्यांत मला काय दिसलं ते कसं लिहू? आपल्या माणसावर खोटा आळ आला होता आणि तो आज धुऊन निघाला, असं काहीतरी.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२७ जानेवारी

महांतेशच्या अहवालात लिहिलंय: भोंगा सुस्थितीत.

मी फोन केला. त्याने उचलला नाही. समजलं. भोंगा बिघडलेला निघाला तर देखभालीवर ठपका येतो, म्हणजे शाळेवर. बदलून टाकला असणार. नरसिंहरावला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "दामू, भोंग्याचा विषय सोड. तू हिरवे दिवे बघितलेस ना? तिने तोंडाने म्हटलं ना, तीन हिरवे? तेवढंच धरून राहा. तुझी एवढी वर्षं आहेत. तिचं काय आहे?"

तिने म्हटलं होतं. उतरण्याआधी विद्यार्थ्याने मोठ्याने म्हणायचं असतं, 'तीन हिरवे.' मला तिचा आवाज आठवतो.

की मुलं रोज म्हणतात तो आठवतो?

नाही. आठवतो.

३० जानेवारी

पवित्राचे वडील आले होते. परसू नाव. निपाणीकडचे, इथे सिटी बस चालवतात, यशवंतपूरला राहतात. दार उघडलं तर माणूस पायरीवर बसलेला. बराच वेळ बेल मारत होतो म्हणाले. बेलची बॅटरी गेली असेल.

युनिफॉर्मवरच होते. सुलभाने चहा दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"साहेब, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई. लई गुण असतील-नसतील, पण खोटं न्हाई. तुमचं नाव घरात देवासारखं घेत होती. आता जेवत न्हाई."

"मी काय खोटं बोलतोय का?" मी विचारलं.

"तसं कुठं म्हणालो मी? तुम्ही ओरडू नका साहेब. मी पण गाडी चालवतो. मागनं कंडक्टरनं शिट्टी मारली की पाय आपोआप ब्रेकवर जातोय. एकांदा दिवस ध्यान नसतंय. तेवढं म्हणा की. ध्यान नव्हतं म्हणा."

मी ओरडत नव्हतो. साध्या आवाजात सांगितलं की मी जे घडलं तेच लिहून दिलंय. ते उठले. दारात सुलभाला काहीतरी म्हणाले आणि सुलभाने त्यांना वाकून नमस्कार केला. ती कुणाला असा नमस्कार करत नाही.

६ फेब्रुवारी

चौकशी झाली. दोन अधिकारी, दोघेही सभ्य. आधी पवित्रा आत गेली, मग मी. बाहेरच्या बाकावर आम्ही एकमेकांशेजारी बसलो होतो. तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी मान फिरवली. साक्षीदारांनी आपसांत बोलायचं नसतं.

आत मी सांगितलं: तिने 'तीन हिरवे' म्हटलं, मी दिवे बघितले, भोंगा ऐकला नाही.

त्यातल्या एकाने विचारलं, "मग चाकं वर कशी राहिली, कॅप्टन?"

मी म्हणालो, "तेच मला कळत नाही."

आजच्या दिवसात मी बोललेलं एवढं एकच वाक्य मला परत बोलता येईल.

२० फेब्रुवारी

निकाल आला. विमानाचा कप्तान मी, म्हणून जबाबदारी माझी. सहा महिने परवाना स्थगित. हे योग्यच आहे, मी वाद घालणार नाही. पवित्राने तपासणी न करता 'तीन हिरवे' म्हटल्याची 'शक्यता' नोंदवली आहे. नरसिंहरावने त्या एका शब्दावर तिला शाळेतून कमी केलं. जबाबात खोटं बोलणाऱ्या मुलीला विमान देता येत नाही, म्हणाला.

मी जिंकलो म्हणायचं.

संध्याकाळी संपिगे रोडवर फुलं घ्यायला गेलो. फुलवालीने किती पैसे सांगितले ते समजलं नाही, मोठी नोट दिली आणि सुटे घेतले. नेहमी असंच करतो. आज मात्र सुटे हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

२ मार्च

हे लिहायला दोन वेळा बसलो आणि उठलो.

सकाळी सुलभाबरोबर भाजीला निघालो होतो. रस्ता ओलांडताना तिने माझा दंड असा ओढला की मी फुटपाथवर आपटलो. ऑटो अंगाला घासून गेला. ऑटोवाला मागे वळून हात नाचवत शिव्या देत होता.

"हॉर्न वाजवायला काय होतं यांना?" मी म्हणालो.

सुलभा भर रस्त्यात रडायला लागली. पिशवी खाली पडली, टोमॅटो सांडले.

"अहो, तो कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत येत होता. सगळा रस्ता बघत होता. तुम्हीच तेवढे…" मग माझ्यासमोर आली, माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ती पोरगी हेच सांगत होती ना?"

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. कुकरच्या तिन्ही शिट्ट्या शेजारच्या घरात ऐकू गेल्या होत्या. बेल चांगली होती. दोन वर्षं तिला माहीत आहे. बारीक, उंच आवाज मला ऐकू येत नाहीत. बायकांचे, लहान मुलांचे. माझ्याशी बोलायचं तर ती समोर येऊन बोलते, आणि मला वाटायचं लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती माझ्याकडे बघून बोलते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचं उडणं गेलं असतं. उडणं गेल्यावर तुमच्यातलं काय उरलं असतं माझ्याकडे?"

मी उठून रस्त्यावरून वेचलेले टोमॅटो धुवायला घेतले.

५ मार्च

कानाची तपासणी. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. सुरुवातीचे दाबले. मग मशीनवरच्या मुलीने ते बंद केलं असावं असं वाटलं, म्हणून शांत बसलो. बाहेर बघितलं तर ती मशीनची बटणं फिरवतच होती, आणि सुलभा काचेपलीकडे उभी राहून तोंडाला पदर लावून माझ्या न हलणाऱ्या अंगठ्याकडे बघत होती.

डॉक्टरने आलेख दाखवला. रेघ सरळ जाते आणि मग कड्यावरून पडते. इंजिनांशेजारी आयुष्य गेलं की असं होतं, म्हणाला. परवान्याच्या तपासणीत जेवढ्या उंच आवाजापर्यंत बघतात तेवढ्यात मी बसत होतो. पडझड त्याच्या पलीकडे आहे. भोंग्याचा आवाज कुठे येतो ते त्याने पेनने दाखवलं. कड्याच्या खाली.

पवित्राचा आवाजही तिथेच कुठेतरी असणार. ती बारीक आवाजाची आहे.

ऐकण्याचं यंत्र दिलंय. घातलं की ताटवाट्या डोक्यात आपटतात.

९ मार्च

महांतेशला गाठलं. हँगरमागे उभे राहून बोललो, यंत्र कानात होतं.

"त्या दिवशी जॅकवर भोंगा वाजत होता?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वाजत होता, सर. कानठळ्या बसत होत्या."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही समोर उभे राहून म्हणालात, वाजत नाही. आम्हाला वाटलं सर मुद्दाम म्हणतायत. नोकरी वाचवतायत. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर काय सांगायचं? मी अहवालात खरं लिहिलं, सर. तेवढंच जमलं."

म्हणजे त्याच्या डोळ्यांत जे दिसलं, ते हे होतं.

११ मार्च

नरसिंहरावला कानाच्या तपासणीचे कागद दाखवले. "बस, दामू. प्रकरण मिटलंय. आता उकरलंस तर तुझा परवाना कायमचा जाईल आणि मी बहिऱ्या माणसाला शिकवायला ठेवलं म्हणून शाळा जाईल."

बहिरा. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.

"ती मुलगी खरं बोलत होती," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. जॅकपासून ठाऊक आहे." आणि मग, जरा मऊ होऊन, "मला वाटलं तुलाही ठाऊक आहे."

घरी येऊन चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लिहून पाठवलं, ते हिरवे दिवे मला नुसत्या सवयीने आठवत असावेत हेही. कानाचा आलेखही जोडला. टपालात टाकल्यावर हलकं वाटेल अशी समजूत होती.

२ एप्रिल

उत्तर आलं. पवित्रावरची नोंद काढून टाकली. माझं उडणं संपलं. दोन ओळींत.

नरसिंहरावलाही पत्र गेलं असणार. त्याचा निरोप आला, मुलीला यायचं असेल तर शाळा परत घेईल. इतक्या दिवसांत पहिली बरी बातमी. उद्या स्वतः जाऊन सांगतो. सुलभा येते म्हणाली. नको म्हटलं. हे माझं काम आहे.

३ एप्रिल

यशवंतपूरला गेलो. मार्केटच्या मागे त्यांची खोली, वरच्या मजल्यावर, खाली सगळा वेळ ट्रक मागेपुढे होतात. जिन्याखाली थांबून यंत्र काढून खिशात टाकलं. का, तर ती माझी विद्यार्थिनी आहे. तिने मला नेहमी ताठ बघितलंय.

ती एका दुकानात बिलं करते आता. केस कापलेत. बसा म्हणाली. परसू उभेच होते.

मी पाठ करून गेलो होतो. "पवित्रा, तू बोलली होतीस. भोंगा वाजत होता. तुझा हात बरोबर जागी चालला होता. मी तुझ्यावर अन्याय केला. तसं मी लिहून दिलंय. शाळा तुला परत घ्यायला तयार आहे."

कानाचं बोललो नाही. पत्रात आहेच, कधीतरी तिला कळेल असं वाटलं. खरं म्हणजे तो शब्द तोंडातून निघेना.

ती रडायला लागली. मग पदराने, नाही, ओढणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. खाली ट्रकचं इंजिन चालू होतं. 'सर' कळलं, 'त्या दिवशी' कळलं, आणि शेवटी 'होतं का' असं काहीतरी. पुन्हा विचारायला हवं होतं. पण ती अशा डोळ्यांनी बघत होती, की 'काय म्हणालीस' हे मला विचारवेना. मी मान डोलावली. म्हटलं, "होय. होय बाळ."

ती रडायची थांबली. उठून आत गेली. परसू मला जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत.

तिला वेळ लागेल. मोठा आघात आहे.

४ एप्रिल

सुलभाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "यंत्र होतं ना कानात?" मी खिशावर हात ठेवला. तिने लगेच चपला घातल्या. "चला. आत्ता."

दार परसूंनी उघडलं, अर्धंच. मी यंत्र घातलं होतं; ट्रक, भांडी, कुठलासा रेडिओ, सगळं एकदम कानात शिरत होतं.

"पवित्राला भेटायचंय. काल ती काय विचारत होती?"

"काय विचारत होती म्हणजे?" ते म्हणाले. "तिनं विचारलं, सर, मी ओरडत होते ते तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलेलं होतं का? तुम्ही होय म्हणालात की. दोनदा म्हणालात. मी हितंच हुतो."

सुलभाने माझा हात धरला.

"रातभर समजूत घालत हुतो पोरीची," परसू म्हणाले. "म्हणत हुतो, माणसाचं ध्यान नसतंय. तर तुम्ही समदं ऐकून तिचा हात ढकलला. आनि मग तिलाच खोटी ठरवली. जाणार न्हाई म्हणती ती परत. इमानाचं नाव काढू देत न्हाई."

"मला ऐकू गेलं नव्हतं," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. हे बघा." मी यंत्र काढून तळहातावर धरलं.

ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश, मला ओठ दिसतील असं विचारलं, "कालचं म्हणताय, का त्या दिवशीचं?"

"दोन्ही," मी म्हणालो.

आत पवित्राची सावली हलली, पण ती पुढे आली नाही. यंत्र माझ्या हातातच होतं. दार लावताना परसू काहीतरी म्हणाले. सुलभाने ते ऐकलं. जिना उतरताना ती माझ्यापुढे चालत होती, वळून बोलली नाही.

काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.